गिऱ्हाईक कुणाच्या वहीत?

(आपल्या सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण. वाचक मैत्रिणींसाठी बोललं तसंच छापत आहोत.)

मैत्रिणींनो, दुपारची भांडी उरकून कुणी शेंगा फोडत, कुणी वाती वळत, तर कुणी शिलाई मशीनवर बसून हा कार्यक्रम ऐकत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडं असू द्या.

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना जाणं झालं, तेव्हा एकच विषय दोन बाजूंनी कानावर आला. काही ताई म्हणाल्या, "आमच्या घरी आता सगळं मोबाईलवरून येतं. सोयीचं आहे, पण सगळा पैसा एकाच दुकानात चाललाय याचं बरं वाटत नाही. दुसरीकडं वळायचं तर कसं?" आणि ज्या गटांचा मसाल्याचा, पापडाचा, गोधडीचा धंदा आहे त्या ताई म्हणाल्या, "माल तर ऑनलाईन जातोय, पण शेवटी हातात काय उरतं ते समजत नाही." एकीचा प्रश्न घेणारीचा, दुसरीचा विकणारीचा. पण दोघींचं दुकान एकच आहे, म्हणून आज दोन्ही प्रश्न एकत्रच घेऊ.

दुकान कुठलं हे तुम्हाला ठाऊक आहे. ॲमेझॉन. जेफ बेझोस नावाच्या माणसानं १९९४ साली अमेरिकेत ही कंपनी काढली आणि १९९५ पासून इंटरनेटवर पुस्तकं विकायला सुरुवात केली. भारतात हे दुकान जून २०१३ मध्ये उघडलं. त्याच्या जोडीला फ्लिपकार्ट. ती २००७ साली बंगळुरूमध्ये सुरू झालेली आपल्याकडची कंपनी. पण २०१८ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकेतल्या बड्या दुकानदारानं तिचा मोठा हिस्सा विकत घेतला. म्हणजे नावं दोन दिसली तरी रीत बरीचशी एकच आहे. आज मी ॲमेझॉनचं नाव जास्त घेईन, कारण जगभर या प्रकारच्या दुकानांत तेच सगळ्यांत मोठं आहे.

आधी त्याचं चांगलं सांगते, कारण ते खरंच आहे. आतले कपडे घ्यायचे तर गावच्या दुकानात चार पुरुषांसमोर माप सांगायची लाज वाटते. ती लाज या दुकानानं संपवली. पोरीला स्पर्धा परीक्षेचं पुस्तक हवं असलं की जिल्ह्याच्या गावी जायची एक दिवसाची रोजंदारी वाचली. म्हाताऱ्या सासूबाईंसाठी कमोडची खुर्ची, शिलाई मशीनचा एखादा न मिळणारा भाग, हे दारात आलं. आणि गावातला दुकानदार म्हणजे काही देवमाणूस असतोच असं नाही. मापात मारणारा, उधारीच्या वहीत आकडा वाढवणारा, माणूस बघून भाव सांगणारा दुकानदारही आपण पाहिलाय. त्यामुळं मोबाईलवरून घेणारी बाई चुकतेय असं मी म्हणणार नाही.

पण दुकान चालतं कसं, ते समजून घेऊ. आपला आठवडी बाजार डोळ्यांसमोर आणा. समजा, बाजाराची सगळी जागा एकाच माणसाच्या मालकीची आहे. प्रत्येक पाल लावणारीकडून तो भाडं घेतो. विक्रीतला हिस्सा घेतो. वेशीजवळ कुणाला बसवायचं आणि मागच्या चिखलात कुणाला, हे तोच ठरवतो. पुढं बसायचं असेल तर वेगळे पैसे. तुमचा माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा तर गाडीही त्याचीच. आणि कोणत्या बाईनं कुठल्या पालावर काय पाहिलं, काय उचललं, काय परत ठेवलं, हे सगळं तो आपल्या वहीत लिहून ठेवतो. ती वही तो तुम्हाला दाखवत नाही. तुमच्याकडून शेंगदाण्याची चटणी कोण घेऊन गेलं, हे तुम्हाला धड माहीत नसतं. त्याला माहीत असतं. म्हणून मी विचारते, गिऱ्हाईक कुणाचं? ज्याच्या वहीत नाव, त्याचं.

आता वही बाळगणाऱ्यानं स्वतःचंच एक पाल लावलं तर? याच भीतीनं आपल्या सरकारनं नियम केला. परदेशी पैशावर चालणाऱ्या अशा दुकानानं फक्त बाजार भरवायचा, स्वतःचा माल विकायचा नाही. आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून, ज्या विक्रेत्या कंपनीत आपला हिस्सा आहे तिचाही माल तिथं विकायचा नाही. तरीही तक्रारी थांबल्या नाहीत. ठरावीक विक्रेत्यांना झुकतं माप मिळतं, अशी छोट्या व्यापाऱ्यांची तक्रार होती. भारतीय स्पर्धा आयोगानं जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट दोघांच्या चौकशीचा आदेश दिला. २०२१ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं कंपनीच्या आतल्या कागदपत्रांवरून बातमी दिली, की भारतात चांगल्या खपणाऱ्या वस्तू हेरून ॲमेझॉननं तशाच वस्तू आपल्या नावानं काढल्या आणि शोधल्यावर त्या वर दिसतील अशी व्यवस्था केली. कंपनीनं हे आरोप नाकारले.

हे फक्त आपल्याकडंच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगानं आणि तिथल्या १७ राज्यांनी मिळून ॲमेझॉनवर खटला भरला. त्यांचं म्हणणं असं, की कमिशन, जाहिरात, माल ठेवणं, पाठवणं असं सगळं मिळून बऱ्याच विक्रेत्यांच्या विक्रीतले शंभरातले जवळजवळ पन्नास रुपये कंपनीच घेते. कंपनीला हे मान्य नाही. निकाल लागेल तेव्हा लागेल. पण श्रीमंत देशातल्या शिकल्यासवरलेल्या व्यापाऱ्यांचंही तेच गाऱ्हाणं आहे, हे आपण लक्षात ठेवायचं.

मग कुणी विचारेल, "बाई, तिथं स्वस्त मिळतं ना? मग आपल्याला काय करायचंय?" बरोबर आहे, पण स्वस्त कसं परवडतं ते बघा. या कंपनीचा दुसरा मोठा धंदा आहे, इतर कंपन्यांना संगणकाची जागा आणि ताकद भाड्यानं द्यायचा. २०२३ मध्ये कंपनीच्या कामकाजातल्या नफ्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग त्या धंद्यातून आला. म्हणजे दुकानात कमी मिळालं तरी दुसरा खिसा भरलेला आहे. तुमच्या गावच्या किराणावाल्याला दुसरा खिसा नाही. तो भावात टिकला नाही तर शटर ओढून घेतो. आणि त्याचं दुकान बंद झालं की सगळ्यांत आधी अडतं कुणाचं? जिच्याकडं मोबाईल नाही त्या म्हातारीचं. जिला पाऊस लांबला की दोन महिने उधारीवर तेल-मीठ लागतं तिचं. मोबाईलवरचं दुकान हप्ते पाडून देईल, पण 'सोयाबीन निघालं की देते' एवढ्या शब्दावर मीठ देणार नाही.

वस्तूच्या खात्रीचंही तेच. आपल्या रोजच्या कुकरचंच उदाहरण घ्या. कुकर फुटला तर जीवावर बेततं, म्हणून फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय खुणेशिवाय घरगुती कुकर विकायला बंदी आहे. तरीही ऑनलाईन दुकानांतून बिनखुणेचे कुकर विकले गेले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑगस्ट २०२२ मध्ये ॲमेझॉनला आदेश दिला: असे २,२६५ कुकर तुमच्या दुकानातून गेले आहेत, घेणाऱ्या प्रत्येकाला कळवा, कुकर परत घ्या, पैसे परत द्या, आणि एक लाख रुपये दंड भरा. फ्लिपकार्टलाही तसाच आदेश झाला. ॲमेझॉनचं म्हणणं होतं की आम्ही फक्त बाजार भरवतो, माल दुसऱ्याचा. प्राधिकरण म्हणालं, प्रत्येक कुकरमागं तुम्ही पैसे घेतलेत, मग हात झटकता येणार नाहीत. कंपनी त्यावर दिल्ली उच्च न्यायालयात गेली.

आणि त्या पेट्या भरणारे हात? २०२४ च्या उन्हाळ्यात हरियाणातल्या मानेसरच्या गोदामाची बातमी आली. ठरलेले ट्रक रिकामे होईपर्यंत लघवीला किंवा पाणी प्यायला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं स्वतःहून दखल घेऊन केंद्राच्या कामगार खात्याला नोटीस पाठवली. कंपनीनं हा एकट्यादुकट्याचा प्रकार असल्याचं सांगितलं. मैत्रिणींनो, शेतात दिवसभर वाकून काम करताना आडोसा नसला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथं पेट्या उचलणाऱ्यांत आपल्यासारख्या बायाही आहेत.

एक मात्र सांगते. पार्सल घेऊन उन्हातान्हात मोटारसायकलवर येणारा पोरगा आपल्याच गावाकडचा असतो. त्याच्यावर राग काढायचा नाही. त्याला पाणी विचारायचं. आपली तक्रार रीतीबद्दल आहे, पोराबद्दल नाही.

मग चांगलं दुकान कोणतं? देशी नाव म्हणजे चांगलं आणि परदेशी म्हणजे वाईट, इतकं ते सोपं नाही. देशी मालकाचं दुकानही एकट्यानं सगळा बाजार बळकावू शकतं. मी चार प्रश्न विचारते. बनवणारीला तिच्या कष्टाचं मोल मिळतं का? उचलणाऱ्या-पोचवणाऱ्याला माणसासारखं वागवतात का? वस्तू खराब निघाली तर समोर उभं राहून उत्तर देणारं कुणी आहे का? आणि नफ्यातला काही भाग आपल्या गावात, तालुक्यात फिरतो का? चारांपैकी दोन-तीन प्रश्नांना 'हो' आलं तरी ते दुकान पुष्कळ बरं.

आता, ज्या बाईच्या हातात महिन्याचे मोजके पैसे आहेत, तिला 'महाग घे, पण चांगलं घे' असं सांगायचा मला अधिकार नाही. एकटीनं दुसरीकडं वळणं बहुतेक वेळा महागच पडतं. म्हणूनच हा विषय मी गटासाठी आणलाय. एकटीला पर्याय शोधावा लागतो, दहाजणी मिळून पर्याय उभा करू शकतात. आणि हे काही नवं नाही.

इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाचं गाव आहे. १८४४ साली तिथल्या २८ कामगारांनी, त्यात बरेच विणकर, पै-पै साठवून स्वतःचं दुकान काढलं. सुरुवातीला माल किती? पीठ, लोणी, साखर, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या. भेसळ नाही, माप पुरं, आणि वर्षाच्या शेवटी उरलेला नफा ज्यानं जेवढी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आज जगभर ज्याला सहकार म्हणतात त्याची रीत त्या दुकानानं घालून दिली. मुंबईत नायगावला १९४८ साली कामगारांनी असंच आपलं ग्राहक भांडार सुरू केलं, तेच पुढं अपना बाजार झालं. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तिची पद्धत तर आपल्या गटासारखीच: शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी आधी द्यायची, माल एकत्र घाऊक भावानं आणायचा आणि आपणच मोजून वाटून घ्यायचा. मधलं दुकानच नाही. कोल्हापूर जिल्ह्यात तात्यासाहेब कोरे यांच्या वारणा समूहातला वारणा बझार तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. शहरातल्यासारखं मोठं दुकान, पण सभासदांचं.

विकणाऱ्या बायकांचं म्हणाल तर लिज्जत पापड. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. आज हजारो बहिणी त्या संस्थेच्या मालकीण आहेत. गुजरातेत सेवा संस्थेच्या बायकांनी २००४ पासून 'रूडी' नावानं काम उभं केलंय: सभासद शेतकरी बायकांकडून धान्य, मसाले घ्यायचे, गावातच निवडून-भरून पाकिटं करायची आणि गावोगावच्या 'रूडीबेन' ती दारोदार विकतात. बनवणारी बाई, विकणारी बाई आणि घेणारीही बहुतेक बाईच.

तर आता आपण काय करायचं ते सांगते. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

पहिलं काम, एक महिना नुसतं लिहायचं. काहीही बंद करायचं नाही. घरात आलेल्या प्रत्येक पार्सलची नोंद: काय आलं, किती रुपयांचं, परत केलं का, आणि हे तालुक्यात मिळालं असतं का. महिनाअखेर गटात बसून तीन याद्या करा. पहिली, जे गावात किंवा तालुक्यात मिळतं. दुसरी, जे एकटीला महाग पडतं पण दहाजणींनी मिळून आणलं तर परवडेल. तिसरी, जे खरंच दुसरीकडं मिळत नाही. तिसऱ्या यादीचं ओझं मनावर घेऊ नका. ती असू द्या. पहिल्या दोन याद्यांवर काम करायचं.

दुसरं काम, एकत्र खरेदी. साखरेचं पोतं ५० किलोचं असतं. दहाजणींनी पाच-पाच किलो सांगितली की एक पोतं झालं. तेलाचा डबा, तूरडाळ, चहा, कपडे धुवायचा साबण, सॅनिटरी पॅड, वह्या, यांचंही तसंच. तीन-चार वस्तूंपासूनच सुरुवात करा. पैसे आधी गोळा करायचे, उधारी ठेवायची नाही. भाव दोन-तीन ठिकाणी विचारायचा, आणि आणायला दरवेळी दोघीजणी जायच्या, एकटी नाही. बिल गटाच्या नावानं घ्यायचं, वाटप सगळ्यांसमोर काट्यावर. मिरची, हळद, डाळ शेजारच्या गावचा गट करत असेल तर पहिल्यांदा त्यांच्याकडं विचारा. ग्रामसंघाच्या बैठकीत कुठला गट काय बनवतो याची यादी फिरवली तर निम्मं काम तिथंच होतं. आणि गावच्या किराणावाल्याशीही बोला. "आम्ही पंधराजणी दर महिन्याला तुझ्याकडून इतका माल घेऊ, भाव काय लावशील?" असं विचारलं की पंधराजणींकडं तो वेगळ्या नजरेनं बघतो.

तिसरं काम, मोठी खरेदी. मोबाईल, मिक्सर, कुकर, शिलाई मशीन या वस्तू बिघडणार हे धरूनच घ्यायच्या. तालुक्यातला दुकानदार दोनशे रुपये जास्त सांगत असेल, पण दुरुस्ती कुठं होणार, वॉरंटीचा शिक्का कोण देणार, हे विचारून मग दोनशेचा हिशोब करा. पक्कं बिल घ्या. कुकरवर, गॅसच्या शेगडीवर आयएसआय खूण बघा. पुस्तकं हवी असतील तर मराठी प्रकाशकांना थेट फोन करा. बरेचजण पोस्टानं पाठवतात, आणि गटानं मिळून मागवली तर सवलतही विचारता येते.

चौथं काम, ज्यांना त्या दुकानातलं खातं बंदच करायचंय त्यांच्यासाठी. घाई करू नका. आधी जुनी बिलं आणि वॉरंटीचे कागद उतरवून घ्या, खातं गेलं की तेही जातात. पाकिटात, म्हणजे त्यांच्या वॉलेटमध्ये, शिल्लक असेल तर वापरून टाका. साठवलेलं कार्ड काढा. वर्षाची सदस्यता आपोआप पुन्हा सुरू होण्यावर असेल तर ती बंद करा, आणि यूपीआयच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' बघून तिथूनही रद्द करा. हे बटण सापडत नाही म्हणून स्वतःला अडाणी समजू नका. अमेरिकेत याच सदस्यतेवरून सरकारनं ॲमेझॉनवर खटला भरला होता, की लोकांना नीट न विचारता सदस्य करून घेतलं आणि बाहेर पडायची वाट अवघड ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये कंपनीनं अडीच अब्ज डॉलर द्यायचं कबूल करून ते प्रकरण मिटवलं. आपल्याकडंही नोव्हेंबर २०२३ पासून अशा फसव्या युक्त्यांना बंदी आहे. 'फक्त दोनच शिल्लक' असं खोटंच सांगून घाई करणं, न सांगता टोपलीत एखादी वस्तू घालणं, हेही त्यातच येतं.

कुठल्याही ऑनलाईन दुकानातून घेताना आपला हक्क माहीत असू द्या. २०२० च्या नियमांप्रमाणं तक्रार केल्यावर ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला फोन करा. नंबर आहे १९१५. पुन्हा सांगते, एक नऊ एक पाच.

आता विकणाऱ्या ताईंकडं येते. तुम्हाला मी 'उद्यापासून तिथं विकू नका' असं सांगणार नाही. आपल्या केंद्राच्या ग्रामविकास खात्यानंच २०२१ मध्ये बचत गटांच्या मालासाठी फ्लिपकार्टशी करार केला. ॲमेझॉनचीही महिला उद्योजकांसाठी 'सहेली' नावाची योजना आहे. दार उघडं असेल तर माल जाऊ द्या. पण आधी हिशोब करा, आणि तो असा. महिन्यात किती पाकिटं गेली ते मोजा, परत आलेली धरून. बँकेत प्रत्यक्ष किती जमा झालं ते बघा. जमा रकमेला पाकिटांनी भागा.

समजण्यापुरते आकडे घेते. दोनशे रुपयांची ४० पाकिटं गेली. कागदावर आठ हजार. त्यातली पाच परत आली, फुटलेली, पुन्हा विकता न येणारी. कमिशन, पाठवणी, जाहिरात जाऊन बँकेत आले ४,९००. कच्चा माल आणि पॅकिंग पाकिटामागं १०५, म्हणजे ४,२००. उरले ७००. पाकिटामागं साडेसतरा रुपये. यात भाजणं, कांडणं, चाळणं, भरणं सगळं आलं. आता तीच पाकिटं थेट ओळखीच्या गिऱ्हाइकाला १७० ला विका. २५ च गेली. आले ४,२५०. कच्चा माल-पॅकिंग २,६२५, पोचवायचा खर्च ६००. उरले १,०२५. पाकिटामागं ४१ रुपये. घेणारीला तीस रुपये स्वस्त, आणि करणारीला दुपटीहून जास्त. तुमचे आकडे वेगळे येतील. पण ते काढल्याशिवाय पुढचं पोतं भरू नका.

मग थेट गिऱ्हाईक आणायचं कुठून? इथं कायदा आपल्या बाजूनं आहे. बंद पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन नंबर छापणं बंधनकारक आहे. बरेच गट तो कोपऱ्यात, वाचता येणार नाही इतका बारीक छापतात. तो ठळक छापा. ज्या बाईला तुमची चटणी आवडली ती पाकीट रिकामं झाल्यावर तोच नंबर शोधणार आहे. फोन आला की नाव, गाव, काय घेतलं, कधी घेतलं, हे गटाच्या वहीत लिहा. ही झाली तुमची वही. दिवाळीच्या आधी त्या वहीतल्या प्रत्येकीला एक फोन करा. मुंबई-पुण्याला गेलेल्या आपल्याच गावच्या लेकी, सुना, शिक्षक हे सगळ्यांत भरवशाचं गिऱ्हाईक. त्यांच्या सोसायटीतल्या एकीनं दहा घरांची यादी दिली की एक पेटी एसटीनं जाते.

याशिवाय 'उमेद मार्ट' आणि केंद्राचं 'ई-सरस' ही खास गटांच्या मालासाठी काढलेली दुकानं आहेत. मुंबईतलं महालक्ष्मी सरस प्रदर्शन आहे. तिथं गेलात तर विक्रीबरोबर गिऱ्हाइकांचे नंबरही घेऊन या. 'ओएनडीसी' हे नावही तुम्ही ऐकाल. सरकारच्या पुढाकारानं २०२१ च्या अखेरीस स्थापन झालेलं हे जाळं आहे. जसं कुठल्याही ॲपमधून कुठल्याही बँकेत यूपीआयनं पैसे जातात, तसं एका ॲपवर नोंदवलेला माल दुसऱ्या ॲपवरच्या गिऱ्हाइकाला दिसावा, ही त्यामागची कल्पना. तिथंही मधल्या कंपन्यांचं कमिशन असतं, तेव्हा हिशोब तोच करायचा. आणि जीएसटी नाही म्हणून थांबू नका. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीच्या मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्यांना पॅन आणि नावनोंदणी क्रमांकावर राज्याच्या आत ऑनलाईन माल विकता येतो.

माझी एकच विनंती आहे. गटाची निम्म्याहून जास्त विक्री कुठल्याही एका दुकानावर, एका ॲपवर, एका व्यापाऱ्यावर ठेवू नका. आज ते तुम्हाला वर दाखवतात, उद्या खाली ढकलतील आणि कारणही सांगणार नाहीत. निम्मी विक्री आपल्या वहीतल्या गिऱ्हाइकांची असली तर त्या दिवशी कढई उलटी पडणार नाही.

यातलं कुठलंही काम एका दिवसात होणार नाही, आणि पूर्ण सुटका तर कुणाचीच होत नाही. इंटरनेटवरची कितीतरी दुकानं, ॲपं ॲमेझॉनच्याच भाड्याच्या संगणकांवर चालतात. गटाचा माल सांगायला आपण व्हॉट्सॲप वापरतो, तेही एका बड्या कंपनीचंच. म्हणून हातपाय गाळायचे नाहीत. महिन्याची दोन हजारांची खरेदी असेल आणि त्यातली पाचशेची जरी ओळखीच्या हातांकडं वळली, तरी पंधराजणींचे महिन्याला साडेसात हजार होतात. वर्षाचे नव्वद हजार. एवढा पैसा आपल्या तालुक्यात फिरणार की नाही, हे ठरवणं आपल्या हातात आहे.

तर पुढच्या बैठकीत इतिवृत्ताच्या वहीत हा ठराव घाला. मी सावकाश सांगते, लिहून घ्या. "आपला गट येत्या महिन्यात सर्व सभासदांच्या ऑनलाईन खरेदीची नोंद ठेवील. त्यानंतर तीन वस्तूंची एकत्र खरेदी सुरू करील. गटाच्या मालाच्या गिऱ्हाइकांची स्वतंत्र वही ठेवील, आणि ती वही दर बैठकीत वाचली जाईल." सूचक एक, अनुमोदक एक, खाली सगळ्यांच्या सह्या. तीन महिन्यांनी त्या वहीत किती नावं झाली, ते आम्हाला केंद्रावर कळवा. ज्या गटांची नोंद येईल, त्यांचा अनुभव त्यांच्याच आवाजात आपण या कार्यक्रमात ऐकू.